खंबीर पाठिंबा

माझा नवरा हृदयाची ऑपरेशनं करायचा. आता तो कर्वेनगरमध्ये मेस चालवतो. हे मी इतक्या लोकांना सांगितलंय की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर पुढे काय काय होणार ते मला पाठ झालंय. आधी त्याला वाटतं मी चेष्टा करतेय. मग वाटतं, काहीतरी भानगड असणार, एखादी केस अंगाशी आली असणार. तसं काही नाही म्हटलं की चेहरा उजळतो आणि तो म्हणतो, "काय सांगता! ग्रेट आहेत हो!" मग माझी आठवण होऊन विचारतो, "आणि आपण? आपण अजून हॉस्पिटलमध्येच का?"

त्या 'अजून'चा मला भयंकर राग येतो.

मी भूलतज्ज्ञ आहे. हो, अजून. आम्ही दोघं एकाच मेडिकल कॉलेजमध्ये होतो. तो विदर्भातल्या एका लहान गावातून आलेला, मी कसबा पेठेत वाढलेली. लग्न झालं, पुढचं शिक्षण झालं, आणि मग वर्षानुवर्षं आम्ही एकाच ऑपरेशन थिएटरमध्ये काम केलं. तो टेबलाच्या मधोमध, मी पेशंटच्या डोक्याशी, मध्ये एक हिरवी चादर ताणलेली. घरी मी त्याला 'तू' म्हणायचे आणि तिथे 'सर'. त्याला विचारण्याचीही गरज पडायची नाही. चादरीवरून तो नुसती भुवई वर करायचा आणि मी प्रेशर किती आहे ते सांगायचे. लग्न टिकायला माणसांना काय काय लागतं मला माहीत नाही. आमचं त्या भुवईवर उत्तम चाललं होतं.

तर सांगायचं म्हणजे, सगळं सोडून द्यायची कल्पना मुळात माझी होती.

एका संध्याकाळी आम्ही गाडीतून घरी येत होतो. दिवसभर उभं राहून पाय सुजले होते. सिग्नलला थांबलो असताना मी म्हणाले, "मला आता हे नको वाटतं. आपण कुणाच्यातरी छातीत काय आहे ते रोज बघतो, पण आपण जगतो कधी? सोडून द्यावं सगळं." मागच्याने हॉर्न वाजवला आणि आम्ही निघालो. मला वाटलं, त्याने ऐकलंही नसेल.

पुढच्या आठवड्यात चहा पिताना तो म्हणाला, "तू म्हणालीस ते खरंय. सोडू या."

त्या 'या'वर मी इतकी खूश झाले की पुढचं नीट ऐकलं नाही. पुढचं असं होतं की दोघांनी एकदम सोडून चालणार नाही. मुलाचं शिक्षण चालू आहे, घरात म्हातारी माणसं आहेत, एकाचा तरी पगार यायला हवा. तेव्हा आधी तो सोडेल, त्याचं बस्तान बसलं की मग मी. मला ते पटलं. तसा तो दमलेलाही जास्त होता. मी त्याला पुढे जाऊ दिलं. बसच्या रांगेत एखाद्याला 'तुम्ही व्हा पुढे' म्हणावं आणि नेमकी त्याला चढवून बस निघून जावी, तसं झालं.

मेसच का, हे त्याला सगळे विचारतात आणि तो प्रत्येकाला तेच सांगतो. इतकी वर्षं माणसांची छाती उघडून बघितली, पण त्यांच्यातला एकही माणूस जेवताना बघितला नाही. कुणाला काय आवडतं ते कळलं नाही. हे ऐकून लोकांचे डोळे पाणावतात. खरं कारण त्याहून साधं आहे. पुण्यात शिकायला आल्यावर पहिल्याच दिवशी मेसमध्ये गूळ घातलेली आमटी जेवून त्याला रडू आलं होतं. आमटीत गूळ घालतात, त्यात रडण्यासारखं काय आहे, हे मला आजही कळलेलं नाही. पण त्याच्या मनात ती आमटी इतकी वर्षं सलत राहिली. कर्वेनगरच्या गल्ल्यांमध्ये कॉट बेसिसवर राहणारी मुलं-मुली, अर्धी तिकडचीच, अमरावती, वर्धा, यवतमाळ. त्यांना घरच्यासारखं झणझणीत खायला घालायचं असं त्याने ठरवलं. एका बंगल्याचा तळमजला घेतला, पोळ्या करायला दोघी जणी ठेवल्या, आणि भाज्या, वरण, भात सगळं स्वतः करायला लागला.

मला वाटलं होतं, सहा महिने टिकेल. खरं सांगायचं तर मी त्या सहा महिन्यांची वाट बघत होते. तो हात भाजून, कंटाळून परत येईल, त्याला वाजतगाजत परत घेतील, आणि मग आम्ही दोघं मिळून मी म्हटलं होतं त्याचा पुन्हा पहिल्यापासून विचार करू. पण मेस धो धो चालली. जिन्यावर मुलं ताट हातात धरून बसायला लागली. त्याला झोप लागायला लागली. पूर्वी झोपेतही त्याचा हात फोनवर असायचा, आता तो घोरतो. त्याचं पोट कमी झालं. दिवसभर तळणाशेजारी उभं राहून माणसाचं पोट कमी कसं होतं याचं उत्तर मला वैद्यकशास्त्रात सापडलेलं नाही. तो गुणगुणायला लागला. मी सकाळी हॉस्पिटलला जायला बूट घालत असायचे आणि स्वयंपाकघरातून त्याचं ते बेसूर गुणगुणणं यायचं, तेव्हा माझ्या पोटात खरोखर दुखायचं. मी डॉक्टर आहे, मला फरक कळतो. ते ॲसिडिटीचं दुखणं नव्हतं.

त्यातच एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत त्याच्यावर लेख आला. पातेल्यात डाव घालून हसणारा त्याचा मोठा फोटो. लेखात त्याचा त्याग होता, त्याची साधी राहणी होती, मुलांची कौतुकं होती. माझ्यावर एक वाक्य होतं. 'या निर्णयात त्यांना पत्नीचा खंबीर पाठिंबा लाभला.' मी ते वाक्य बऱ्याचदा वाचलं. मी, माझं शिक्षण, माझं सगळं आयुष्य, आणि सिग्नलला पहिल्यांदा जे बोलले ते, हे सगळं मिळून मी म्हणजे खंबीर पाठिंबा. सोसायटीतल्या एक बाई तो पेपर घेऊन मुद्दाम वर आल्या आणि म्हणाल्या, "तुम्हाला किती अभिमान वाटत असेल ना!" मी म्हटलं, "हो, वाटतो ना. दोन्ही वेळ, जेवणानंतर." त्या चहा न घेताच गेल्या.

पण या सगळ्यापेक्षा जिव्हारी लागलं ते वेगळंच. एकदा दुपारची ड्यूटी नव्हती म्हणून मी मेसवर गेले. ऐन जेवणाची वेळ. तो कढईपाशी, आणि ओट्याच्या दुसऱ्या बाजूला पोळ्या करणारी बाई. दोघांत बोलणं काही नाही. तो भाजी हलवता हलवता थांबला, तिच्याकडे बघितलं आणि भुवई वर केली. ती लाटणं न थांबवता म्हणाली, "एवढ्या झाल्या की पीठ संपलं. दुसरं भिजवून ठेवलंय." त्याने मान हलवली आणि पुन्हा भाजीत डाव घातला.

मी दारातच उभी राहिले. मला त्या बाईचा मत्सर वाटला. तिच्या वयाचा नाही, दिसण्याचा नाही, नवऱ्याशेजारी उभी आहे म्हणूनही नाही. त्या भुवईचा. ती भुवई माझी होती. तो हॉस्पिटल सोडून गेला तेव्हा खुर्ची सोडून गेला, नावाची पाटी सोडून गेला, पण भुवई बरोबर घेऊन गेला होता. आणि इकडे मी त्याच्या जागी आलेल्या सर्जनबरोबर काम करायला नको म्हणून हृदयाचं थिएटर सोडून कान-नाक-घशाच्या ऑपरेशनांच्या लिस्टवर बसले होते. त्या दिवशी मी जेवले नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "थोडं ताक घे." ताक छान होतं, त्याचाही राग आला.

मेसमध्ये त्याने एक प्रथा पाडली आहे. परीक्षेला, मुलाखतीला, कुठल्याही अवघड कामाला जाणारा मुलगा किंवा मुलगी सकाळी त्याच्याकडे येते आणि तो तिच्या हातावर दही-साखर ठेवतो. घरून निघताना आई ठेवते तशी. परीक्षेच्या दिवसांत मेसच्या बाहेर नुसत्या दही-साखरेसाठी रांग असते. कुठल्याशा कंपनीत मुलाखत देणारा एक मुलगा तर खडकीहून बस बदलून येतो. त्याची मेसही इथली नाही.

या मुलांमध्ये एक मुलगी होती. वर्ध्याकडची, आर्किटेक्चरला होती. सकाळी नाश्त्याला आली की शिंकत सुटायची. ती आली हे मान वर न करता कळायचं. तोंडाने श्वास घेत जेवायची. मीच तिला म्हटलं, नाकाचं हाड वाढलं असणार, आमच्याकडे ये, दाखवू. तपासण्या झाल्या, ऑपरेशन ठरलं. सकाळी ॲडमिट व्हायचं आणि लगेच ऑपरेशन. तिचे आई-वडील आदल्या दिवशी ट्रॅव्हल्सने आले. ती माझ्याच लिस्टवर होती.

आता माझ्या कामातली एक गोष्ट सांगायला हवी. भूल देण्याआधी मी प्रत्येक पेशंटला पहिला प्रश्न हाच विचारते, काही खाल्लंय का? रात्रीपासून उपाशी राहायचं असं सांगितलेलं असतं. पोट भरलेलं असताना भूल दिली तर खाल्लेलं वर येऊन फुप्फुसात जातं आणि धडधाकट माणूस टेबलावर हातचा जाऊ शकतो. कॉलेजात हे पहिल्याच दिवशी शिकवतात. वॉर्डातल्या मावशींनाही माहीत असतं. सर्जन लोकांना तर फारच माहीत असतं, कारण पेशंटने एक बिस्किट खाल्लं म्हणून त्यांची लिस्ट कोलमडते आणि ते आमच्यावर डाफरतात. माझा प्रश्न इतका सवयीचा झालाय की लग्नात पंगत बसलेली बघितली तरी माझ्या मनात येतं, यांच्यातल्या कुणालाही आता संध्याकाळपर्यंत भूल देता यायची नाही.

मी त्या मुलीजवळ गेले. हिरवा गाऊन घालून ती भेदरून बसली होती. मी विचारलं, "काही खाल्लं नाही ना?"

"नाही मॅडम," ती म्हणाली. "थोडासाच."

"थोडासा काय?"

"शिरा."

"कधी?"

"आत्ता, येता येता. दही-साखर घ्यायला गेलो होतो काकांकडे. तर काका म्हणाले, एवढं मोठं काम आहे, नुसत्या दह्यावर काय जाते, दोन घास शिरा खा. बदाम घालून केला होता."

"अगं पण तुला सांगितलं होतं ना, उपाशी यायचं?"

ती माझ्याकडे बघून अगदी निरागसपणे म्हणाली, "हो ना. पण मला वाटलं, काका तर खुद डॉक्टर आहेत. त्यांनी दिला म्हणजे चालत असंन."

मागून तिचे वडील म्हणाले, "आम्ही म्हणून राहिलो होतो तिला, की नको खाऊ म्हणून. पण इतका मोठा डॉक्टर माणूस सोताच्या हातानं देते म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? आम्हीबी खाल्ला."

न विचारता, सवयीने पुढे गेले असते तर काय झालं असतं ते सगळं डोळ्यांपुढून गेलं. मी ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर ढकललं. सर्जन चिडणार होते, पण कारण ऐकून ते भिंतीला टेकून हसायलाच लागले. "मॅडम," ते म्हणाले, "आजवर बाहेरचं खाल्लं म्हणून केस कॅन्सल केली होती. तुमच्या घरचं खाल्लं म्हणून पहिल्यांदाच करतोय." चहाच्या वेळेपर्यंत ही गोष्ट सगळ्या मजल्यांवर पोचली होती.

आणि मला आनंद झाला. कशाला लपवू? हात धुता धुता मी आरशात बघितलं तर मी चक्क हसत होते. पेपरात फोटो आलेला, अख्ख्या कर्वेनगरचा काका, देवमाणूस, त्याच्या हातून शेवटी एकदाची चूक झाली होती. तीही अशी की पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही लाज वाटावी. मी मनातल्या मनात वाक्यं जुळवायला लागले. चांगली धारदार, पेठेतली.

गाडीत बसल्यावर मात्र तो आनंद ओसरला आणि खालून दुसरंच काहीतरी वर आलं. तो विसरला होता. नियम मोडला नव्हता, धोका पत्करला नव्हता, साफ विसरला होता. ज्या गोष्टी मला झोपेतही सोडत नाहीत त्या त्याच्या अंगावरून पुसल्या गेल्या होत्या. तो परत येणार नव्हता, कारण परत यायला लागतं ते त्याच्यात उरलंच नव्हतं. इतकं पूर्णपणे सुटता येतं माणसाला? इतका हेवा मला त्याच्या झोपेचा वाटला नव्हता, मुलांचा वाटला नव्हता, भुवईचाही नाही.

दुपारी मेस बंद असते त्या वेळेला गेले. तो एकटाच खाली सतरंजीवर बसून मेथी निवडत होता.

"सकाळी तिला काय दिलंस?" मी विचारलं.

"दही-साखर. आणि शिरा. कशी आहे? झालं ना नीट?"

मी नुसती बघत उभी राहिले. शिरेत औषध सोडल्यावर ते पोचायला जरा वेळ लागतो, तेवढाच वेळ लागला. मग त्याच्या हातातली जुडी खाली पडली.

"अरे देवा," तो म्हणाला. "कुठे आहे ती?"

"वॉर्डात. टीव्ही बघतेय. उद्या करू."

"माझ्या डोक्यातच आलं नाही गं. ती दारात आली, घाबरलेली होती, आणि मला एवढंच दिसलं की..."

"उपाशी आहे."

"हो. उपाशी आहे."

मी जुळवलेली सगळी वाक्यं बोलले. पेपरातल्या लेखापासून सुरुवात केली आणि मागे मागे पार गुळाच्या आमटीपर्यंत गेले. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मी थांबल्यावर तो म्हणाला, "तू विचारशील असं मनात कुठेतरी धरलेलं असणार मी. तिथे तू असतेस ना."

"म्हणजे तू विसरायचं आणि मी लक्षात ठेवायचं."

"असं नाही म्हणालो मी."

"असंच म्हणालास."

त्याने मान खाली घातली आणि पडलेली मेथी गोळा करायला लागला. मला त्याची दया यायला हवी होती. आली नाही.

दुसऱ्या दिवशी मुलगी वॉर्डातून उपाशी आली. मी दोनदा विचारलं, तिच्या आईलाही विचारलं. टेबलावर घेतल्यावर ती थरथरत होती. अशा वेळी आम्ही पेशंटला बोलतं ठेवतो. मी औषध सोडता सोडता तिला म्हटलं, "छान छान काहीतरी आठव. काय आवडतं तुला?"

"गोळाभात," ती म्हणाली. तिच्याकडचा तो डाळीच्या गोळ्यांचा भात, वरून लसणाचं तेल.

"आईच्या हातचा?"

तिचे डोळे मिटत आले होते. "काकांच्या," ती म्हणाली आणि झोपली.

झोपताना लोक देवाचं नाव घेतात, आईचं घेतात, काही जण मोबाईल कुणाकडे ठेवलाय ते सांगतात. माझ्या टेबलावर माझ्याच नवऱ्याचं नाव घेऊन झोपणारी ही पहिली. थिएटरच्या दाराबाहेर तिची सख्खी आई बसली होती, तिलाही हे ऐकू गेलं असतं तर माझ्यासारखंच वाटलं असतं. मी तिला नळी घातली, अगदी अलगद, कारण हाताला राग कळू द्यायचा नाही एवढं मला येतं.

ऑपरेशन छान झालं. सर्जन निघून गेले. आमचं काम पेशंट जागा होईपर्यंत संपत नाही, म्हणून मी तिच्याजवळ थांबले. जागी झाली तेव्हा नाकात बोळे, तोंड कोरडं, डोळ्यांत पाणी. तिने माझं बोट धरलं. "झालं?" मी म्हटलं, "झालं गं बाळा." तिने बोट सोडलं नाही. बराच वेळ धरून ठेवलं. नंतर तिला यातलं काही आठवणार नव्हतं. औषधच तसं असतं, त्या वेळचं सगळं पुसून जातं. आजवर किती जणांनी माझं बोट असं धरलं असेल, आणि त्यांतल्या एकालाही माझा चेहरा माहीत नाही. शुद्धीवर आल्यावर पेढे सर्जनला.

रविवारी दुपारी मेसमध्ये फीस्ट असते आणि संध्याकाळी सुट्टी. ती मुलगी आई-वडिलांना घेऊन आली. नाक सुजलेलं, वास येत नव्हता, चव कळत नव्हती, तरी आली. आणि त्याने काय केलं? सगळी मुलं जेवत असताना मध्ये उभा राहिला, तिच्या वडिलांसमोर हात जोडले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की माझ्या हातून मोठी चूक झाली, तुमच्या मुलीच्या जिवाशी आली असती, मला माफ करा. मग वडील उठले आणि त्याचे हात धरून म्हणाले, "काका, तुमच्यानं तर आमाले एक दिवस जास्त पुणं पाहाले भेटलं." मुलं हसली, मग कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळ्यांनीच वाजवल्या.

चूक त्याने केली, ती मी धरली, आणि टाळ्या त्यालाच. मी कोपऱ्यात जिलबी खात होते. एका मुलाने येऊन विचारलं, "काकू, जिलबी वाढू का अजून?" तिथेही अजून.

तेव्हाच मी ठरवलं. सगळी गेली, पोळ्यांच्या बायका घरी गेल्या, तो ओटा पुसत होता. मी म्हटलं, "पुढच्या महिन्यात मी राजीनामा देतेय. मुलाला नोकरी लागली आहे. आता थांबायचं कारण तुझ्याकडेही उरलं नाही आणि माझ्याकडेही."

त्याने फडकं बाजूला टाकलं. मला वाटलं होतं, विचार कर म्हणेल, पगाराचं काढेल, निदान दचकेल. तो इतका खूश झाला की त्याने माझे दोन्ही दंडच धरले. "मी हेच म्हणत होतो! गेल्या दिवाळीतही म्हटलं होतं, सोड आता, तूच म्हणालीस बघू. ये ना मग इकडे. तू गल्ल्यावर बस. मुलींचं दुखणंखुपणं तू बघशील, त्या मला सांगत नाहीत. आपण शेजारचीही खोली घेऊ..." तो बोलतच सुटला. त्याच्या डोक्यात सगळं तयार होतं. माझी खुर्ची कुठे ठेवायची तेसुद्धा.

"मला तुझ्या मेसमध्ये यायचं नाही," मी म्हणाले.

तो थांबला. "बरं," म्हणाला. "बरोबर आहे. हे माझं झालं." त्याला जराही राग आला नाही. त्याने एक स्टूल माझ्याकडे सरकवलं, एकावर स्वतः बसला. "मग तुला काय करायचंय?"

खोचक नव्हतं ते. तो खरंच विचारत होता, मुलांना विचारतो तसं, नीट समोर बसून.

मी तोंड उघडलं. तीन वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होते. तो कधी विचारत नाही म्हणून मनात त्याच्याशी भांडत होते. मला त्याच्यासारखं घोरायचं होतं, माझ्या नावाची रांग लागायला हवी होती, कुणीतरी माझ्या हातचं मागायला हवं होतं. जे जे आठवलं ते सगळं त्याचं होतं. ते बाजूला करून मी आणखी आत बघितलं, मग आणखी.

"सांग ना," तो म्हणाला. आवाज नको म्हणून त्याने उठून एक्झॉस्ट फॅन बंद केला आणि परत येऊन बसला. तो माझ्या तोंडाकडे बघत थांबला होता, आणि मला सांगण्यासारखं काहीच सापडत नव्हतं.